दुरुस्तीच्या टेबलावरून : एन्क्रिप्शन केलं की लॅपटॉप निम्मा होतो का?

या खेपेला टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. कारणही उघड आहे. विंडोज १० चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, लोकांनी नवे लॅपटॉप घेतले, आणि नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात माहिती साठवणं) बरेचदा न विचारताच चालू झालेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, ‘त्यानेच स्लो झालाय.’ म्हणून आज प्रिंटर, वायफाय आणि ‘कीबोर्डवर चहा सांडला’ ही मंडळी पुढच्या महिन्यात. आज फक्त हेच.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकरोडला करसल्लागार आहे. माझा लॅपटॉप २०२२ मधला, अकराव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. माझ्याकडे दीडशेच्या वर लोकांचे पॅन, आधार, फॉर्म १६ आहेत. एका मोठ्या अशिलाने लेखी कळवलंय की आमची कागदपत्रं ज्या मशीनवर आहेत ती एन्क्रिप्ट केलेली हवी. मी नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, करू नका, लॅपटॉप निम्मा होईल.’ आधीच तो रडत चालतो. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी फोनच केला, कारण मला एक शंका आली होती. तुम्हाला ‘सेटिंग्ज’ उघडायला लावलं, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. तुम्ही म्हणालात, ‘इथे तर ऑन दिसतंय.’

म्हणजे लॅपटॉप घेतल्या दिवसापासून तो एन्क्रिप्टेडच आहे. निम्मा व्हायचा तर २०२२ लाच झाला असता. तुमच्या मशीनवर विंडोज होम आहे. त्यात बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय, पूर्ण रूपात मिळत नाही, पण आतून यंत्रणा तीच. मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलंत, तेव्हाच ती पुरी झाली. अशिलाला तुम्ही ‘आहे’ असं लिहून देऊ शकता, स्क्रीनचा फोटो जोडून. आणि त्यांनी मागितलं ते योग्यच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे मोठ्या कंपन्या आता आपल्या सल्लागारांनाही असं विचारू लागल्या आहेत.

आता दुरुस्तीवाल्याबद्दल. तो खोटं बोलत नाहीये, जुनं बोलतोय. मी २००३ पासून या धंद्यात आहे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं, त्याबरोबर बिटलॉकर आलं, तेव्हा मीसुद्धा गिऱ्हाइकांना हेच सांगत होते. आणि तेव्हा ते खरं होतं.

असं का, ते सांगते. माझे आजेसासरे सिन्नरला एका वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या वह्या मोडीत. आता मोडी काही गुप्त लिपी नव्हे, पण मला ती वाचायची तर एकेक अक्षर तक्त्याशी ताडून बघावं लागतं, एका ओळीला पाच मिनिटं. ते मात्र मोडी आणि बाळबोध एकाच वेगाने वाचायचे. जुना प्रोसेसर माझ्यासारखा. डिस्कवरून आलेला प्रत्येक सोळा बाइटचा तुकडा तो दहा किंवा चौदा फेऱ्यांतून फिरवायचा, आणि प्रत्येक फेरीत तक्ते बघत, बेरजा-अदलाबदल करत डझनावारी सूचना (इन्स्ट्रक्शन्स) खर्च करायचा. ही पद्धत म्हणजे एईएस. जोन डेमेन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन गणित्यांची, अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेली. मग २०१० पासून इंटेलने आपल्या प्रोसेसरमध्ये या कामासाठीच वेगळ्या सूचना घातल्या, त्यांना एईएस-एनआय म्हणतात. त्यानंतर एक फेरी म्हणजे एक सूचना. एएमडीच्या प्रोसेसरमध्येही पाठोपाठ त्या आल्या. तुमचा अकराव्या पिढीचा आय-५ आजेसासऱ्यांसारखा वाचतो.

बोलून दाखवण्यापेक्षा मोजलेलं बरं, म्हणून तुमच्याच जातकुळीचा एक लॅपटॉप टेबलावर होता तो मालकाच्या परवानगीने घेतला. एन्क्रिप्शन बंद करून आणि चालू करून, प्रत्येक गोष्ट तीनदा, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत बंद असताना १७ सेकंद, चालू असताना कधी १७ कधी १८. टॅलीची कंपनी उघडायला दोन्ही वेळा ६. लग्नाच्या फोटोंचं २० जीबीचं फोल्डर त्याच डिस्कवर दुसरीकडे कॉपी करायला ३१ सेकंदांचे ३४ झाले. क्रिस्टलडिस्कमार्क या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सलग वाचनाचा वेग थोडाच घटला. एकेक छोटा तुकडा इथून-तिथून वाचायच्या चाचणीत मात्र सेकंदाला ५२ एमबीचे ४४ झाले. म्हणजे आकड्यांत फरक दिसतो. टॅलीसमोर बसलेल्या माणसाला तो जाणवायचा नाही.

मग तुमचा लॅपटॉप रडतो कशाने? फोनवरच आपण तीन गोष्टी बघितल्या. डिस्क ९६ टक्के भरलेली. एसएसडी इतकी गच्च भरली की तिला लिहायला रिकामी जागा सापडत नाही, आणि लिहिण्याचा वेग आपोआप बसतो. दुसरं, लॅपटॉपबरोबर आलेला अँटिव्हायरस मुदत संपून तसाच पडलाय आणि वर तुम्ही विकत घेतलेला दुसरा. दोघं मिळून प्रत्येक फाइल दोनदा हुंगतात. तिसरं, ८ जीबी रॅममध्ये ब्राउझरचे चाळीस टॅब. तुम्ही म्हणालात, ‘ते पोर्टलचे आहेत, बंद केले की परत लॉगिन करावं लागतं.’ मान्य. पण मग त्याचं खापर एन्क्रिप्शनवर नको. जुना अँटिव्हायरस काढा, २०२२ च्या आधीच्या वर्षांची स्कॅन केलेली कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर हलवा (तीही एन्क्रिप्ट करून, नाहीतर अशिलाला दिलेला शब्द तिथेच मोडला), आणि अजून ८ जीबी रॅम टाकून घ्या. तुमच्या मॉडेलमध्ये एक खाच रिकामी असते.

प्रश्न : मी लातूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाचा जुना लॅपटॉप मिळालाय, दुसऱ्या पिढीचा आय-३, त्यावर लिनक्स टाकलंय. हार्डडिस्क काढून साटा एसएसडी टाकली. इन्स्टॉल करताना ‘एन्क्रिप्ट’वर टिक केली. मित्राच्या तशाच लॅपटॉपपेक्षा माझा खूप हळू वाटतो. हा भ्रम आहे का?

उत्तर : नाही रे बाबा, भ्रम नाही. या महिन्यातला हाच एक लॅपटॉप आहे ज्याच्याबद्दल ‘निम्मा’ हा शब्द खरा ठरतो.

आय-३ ची गोष्ट अशी, की इंटेलने एईएसच्या सूचना सुरुवातीला आय-५ आणि आय-७ ला दिल्या आणि स्वस्त आय-३ ला बराच काळ दिल्याच नाहीत. दुसऱ्या पिढीचे लॅपटॉपमधले आय-३ त्या वगळलेल्यांत आहेत. खोकं तेच, स्टिकर निळाच, फक्त ही एक गोष्ट आत नाही. दुकानात कोण सांगणार?

टर्मिनल उघड आणि ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ असं टाइप कर, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून. डिस्कला हात न लावता, नुसत्या मेमरीत, तुझा प्रोसेसर सेकंदाला किती डेटा एन्क्रिप्ट करू शकतो ते तो सांगेल. ‘एईएस-एक्सटीएस’ची ओळ बघ. माझ्याकडे तुझ्याच पिढीचा एक आय-३ सुट्या भागांसाठी ठेवलाय, त्यावर हा आकडा १७० एमबीच्या आसपास आला. वरच्या आय-५ वर तो अडीच हजारांच्या पुढे गेला. आता हिशोब कर. साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबी देऊ शकते. प्रोसेसरचा एक गाभा (कोर) १७० च उलगडतो. दोन गाभे मिळून काम वाटून घेतात म्हणून माझ्या मोजणीत एकूण वेग ४८० वरून २६० वर आला, आणि तेवढा वेळ पंखा ओरडत होता. एसएसडीसाठी मोजलेल्या पैशांतला निम्मा माल प्रोसेसरच्या दारात अडतोय.

आणि गंमत म्हणजे त्यात जुनी हार्डडिस्क असती तर तुला काहीच जाणवलं नसतं. ५४०० फेऱ्यांची हार्डडिस्क मुळात ८०-१०० एमबीच देते. म्हातारा प्रोसेसर तेवढं सहज उचलतो. मित्राच्या आणि तुझ्या मशीनमधला फरक तू चांगली डिस्क टाकलीस म्हणून उघडा पडला.

उपाय आहे. फोनच्या जगात हाच प्रश्न आला होता: स्वस्त फोनच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना नसायच्या. म्हणून गूगलने २०१९ मध्ये अॅडिअँटम नावाची पद्धत आणली, जी अशा सूचनांशिवायही बऱ्यापैकी पळते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे मूळ प्रणालीत, ती त्याच वर्षी आली आणि क्रिप्टसेटअप ती वापरू देतं. मात्र इन्स्टॉलरमध्ये ती टिक मारून मिळत नाही. विभाजन हाताने करावं लागतं आणि सगळं पुन्हा टाकावं लागतं. दुसऱ्या वर्षाला आहेस, वेळ आहे, करून बघ. नसेल करायचं तर फक्त होम फोल्डरचं विभाजन एन्क्रिप्ट कर आणि सिस्टिम उघडी ठेव. स्वॅपही (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) उघडा राहील, त्यातून थोडं झिरपू शकतं, पण मामाच्या लॅपटॉपवरच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी तेवढं चालेल.

तुझा प्रोसेसर या यादीत आहे की नाही हे बाकीच्या वाचकांनाही बघता येतं. विंडोजवर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या ओळीत ‘एईएस’ ही तीन अक्षरं शोधा. विंडोज ११ ज्यांच्यावर अधिकृतपणे चालतं त्या सगळ्या प्रोसेसरमध्ये ती असतात, त्यांनी शोधायचे कष्ट घेऊ नयेत.

प्रश्न : तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की बिटलॉकरने ‘विशेष फरक पडत नाही’. टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने २०२३ मध्ये चाचणी घेऊन ४५ टक्क्यांपर्यंत वेग घटतो असं दाखवलंय. वाचकांची दिशाभूल करू नये. शिवाय माझ्या एसएसडीच्या खोक्यावर ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ लिहिलेलं आहे, मग सॉफ्टवेअरचं ओझं कशाला? – एक वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दिशाभूल हा शब्द टोचला, पण अर्धा मुद्दा तुमचा बरोबर आहे.

ती चाचणी मी वाचली आहे. ती त्या वेळच्या सर्वांत वेगवान एसएसडींपैकी एकीवर, भारी डेस्कटॉपवर घेतलेली होती, आणि ४५ टक्के हा आकडा एका विशिष्ट कामाचा होता: छोटे छोटे तुकडे विखरून लिहिणे. डिस्क सेकंदाला सात हजार एमबी देणारी असली की मधला कुठलाही थांबा ठळक दिसतो. रिक्षाच्या रस्त्यावरचा गतिरोधक रिक्षाला कळत नाही, शर्यतीच्या गाडीला कळतो. मायक्रोसॉफ्ट स्वतः बरीच वर्षं ‘एक आकडी टक्के’ असं लिहीत आली होती, ते अशा डिस्कसमोर अपुरं ठरतं हे मला मान्य आहे. मी ‘विशेष’ म्हणताना माझ्या टेबलावर येणारे लॅपटॉप धरले होते, ते लिहायला हवं होतं. तुम्ही मोठे डेटाबेस चालवत असाल, व्हर्च्युअल मशीन ठेवत असाल, हजारो फाइलींचे प्रोग्राम दिवसभर बांधत असाल, तर तुम्हाला घट जाणवेल. लिनक्सवाल्यांनी हेच दुखणं २०२० मध्ये पकडलं होतं. एन्क्रिप्शनला लागणारा वेळ थोडाच होता. मधल्या रांगांमध्ये काम या हातातून त्या हातात जाताना जास्त वेळ जात होता. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या अभियंत्यांनी त्या रांगा टाळायची सोय लिहिली आणि ती कर्नल ५.९ मध्ये आली.

आता खोक्यावरच्या ओळीबद्दल. तुमच्यासारखंच विंडोजलाही वाटत होतं. डिस्क म्हणाली ‘मी स्वतः एन्क्रिप्ट करते’, की बिटलॉकर मुकाट्याने काम तिच्यावर सोपवून मोकळं व्हायचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी नामांकित कंपन्यांच्या एसएसडी उघडून बघितल्या. काहींमध्ये पासवर्ड आणि आतली किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पासवर्ड बरोबर की चूक हे फक्त तपासलं जायचं. तपासणारा भाग बदलला की कुठलाही पासवर्ड चालायचा आणि सगळा डेटा उघडा. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं की नव्याने एन्क्रिप्ट करताना डिस्कचं ऐकायचं नाही, काम प्रोसेसरनेच करायचं. तुम्ही ज्याला ओझं म्हणताय ते असं आलं. सगळ्या एसएसडी तशा नाहीत, पुढे दुरुस्त्याही झाल्या, पण खोकं वाचून कुठली कशी हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी प्रोसेसरवर विसंबते.

प्रश्न : मडगावहून लिहितेय. मॅकबुक एअर एम-१. फाइलव्हॉल्ट (मॅकमधली एन्क्रिप्शनची सोय) चालू केलं तर बॅटरी लवकर संपेल का?

उत्तर : नाही. तुमच्या मॅकची डिस्क फाइलव्हॉल्ट बंद असतानाही एन्क्रिप्टेडच असते. डिस्क आणि मेमरीच्या वाटेवर बसलेलं वेगळं सर्किट ते काम करतं. फाइलव्हॉल्ट चालू केलं की ती किल्ली तुमच्या पासवर्डला बांधली जाते, इतकंच. म्हणून चालू करायला क्षणभरच लागतो. २०११-१२ च्या मॅकवर हेच करायला रात्रभर लागायचं, ते आठवून कुणी घाबरवत असेल तर त्यांना हसून सोडून द्या.

प्रश्न : मी वाईला राहतो, निवृत्त शिक्षक आहे. माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर बँकेची स्टेटमेंटं आणि मृत्युपत्राचा मसुदा आहे, बाकी नाटकांची रेकॉर्डिंगं. सगळी डिस्क एन्क्रिप्ट करणं गरजेचं आहे का? नातवाने व्हेराक्रिप्ट नावाचं एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, पण ते उघडायला फार वेळ लावतं.

उत्तर : सर, तुमच्यासाठी सगळी डिस्क नको. नाटकं चोराने ऐकली तर ऐकू द्या. व्हेराक्रिप्टमध्ये दोनेक जीबीची एक पेटी करा आणि स्टेटमेंटं, मसुदा तेवढा तिच्यात ठेवा.

उघडायला लागणारा वेळ मुद्दाम घातलेला आहे. तुम्ही पासवर्ड दिलात की तो लाखो वेळा घुसळून किल्ली तयार होते. तुमचे पाच-सात सेकंद जातात, पण पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याचेही प्रत्येक प्रयत्नाला तितकेच कष्ट जातात. पेटी एकदा उघडली की आतल्या फाइली नेहमीसारख्याच चालतात. आणि पासवर्ड कागदावर लिहून मृत्युपत्राच्या छापील प्रतीबरोबर ठेवा. मसुदा कुलपात आणि किल्ली कुणालाच ठाऊक नाही, असं झालं तर मुलांनी काय करायचं?

प्रश्न : संगमनेरहून. आमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर-फिटलॉकर काही नव्हतं. मदरबोर्ड गेला म्हणून बदलून आणला, तर आता निळा पडदा येतो आणि ४८ आकडे मागतो. दुरुस्तीवाल्याने काहीतरी करून ठेवलंय का? तो म्हणतो, फॉरमॅट मारतो. आत मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आहेत.

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. आधी हे वाक्य वाचा, मग बाकीचं.

तुमच्या लॅपटॉपवर ते होतं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्कची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते. रोज चिप ती किल्ली आपसूक काढून द्यायची, म्हणून तुम्हाला काही कळलं नाही. मदरबोर्ड बदलला, चिप बदलली, नवी चिप तुमच्या डिस्कला ओळखत नाही. दुरुस्तीवाल्याची चूक असलीच तर एवढीच, की बोर्ड बदलण्याआधी त्याने विचारलं नाही. पण बोर्ड मेलेला असताना विचारूनही उपयोग नव्हता. वेगाबद्दल एवढी पत्रं आली. माझ्या दुकानात एन्क्रिप्शनने रडलेली जी माणसं आली ती सगळी याच पडद्यापायी.

ते ४८ आकडे साधारणपणे मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असतात. आता महत्त्वाचा प्रश्न: कुणाच्या खात्यात?

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक बाई आली, हातात लॅपटॉप आणि पदराने डोळे पुसत. त्यांच्या नावाचं खातं उघडून बघितलं, रिकामं. नवऱ्याचं, मुलाचं, तिथेही नाही. मग मी विचारलं, लॅपटॉप घेतला तेव्हा चालू कुणी करून दिला? म्हणाल्या, दुकानातल्या मुलाने, सगळं सेट करून घरीच आणून दिला. तिथे मला उलगडलं. पुष्कळ दुकानांत पोरं घाईत स्वतःचाच ईमेल टाकून लॅपटॉप सुरू करतात, मग गिऱ्हाइकाचं नाव वर लावतात. किल्ली पहिल्या खात्यात जाऊन बसते.

तो मुलगा नोकरी सोडून चाकणला एका कारखान्यात लागला होता. दुकानदाराने नंबर दिला, संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्याने खातं उघडलं. त्यात सतरा लॅपटॉपच्या किल्ल्या होत्या! पडद्यावर ‘की आयडी’ म्हणून काही अक्षरं येतात, त्यातली पहिली आठ त्याला वाचून दाखवली तेव्हा आमची सापडली. मग त्याने आकडे सांगायचे आणि मी टाइप करायचे, सहा-सहाचे आठ गट. त्याने दोन-दोन आकडे जोडून मराठीत वाचायला सुरुवात केली. चौथ्या गटाशी पडद्याने नकार दिला.

इथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. या प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, तसेच ते बनवलेले असतात. त्यामुळे एक आकडा चुकला तरी तो गट तिथल्या तिथे पकडला जातो. शाळेतली कसोटी आठवा: एक सोडून एक आकडे अधिक-वजा करायचे, उत्तर शून्य किंवा ११ च्या पटीत यायला हवं. मी गट ३४६८९७ लिहिला होता (खरा गट बदलून लिहिते आहे). ३ वजा ४, अधिक ६, वजा ८, अधिक ९, वजा ७: उणे एक. म्हणजे बहुधा उणे चिन्हातला कुठला तरी आकडा एकने जास्त पडलाय, नाहीतर अधिक चिन्हातला एकने कमी. ‘मधलं काय म्हणालास, अडुसष्ट की सदुसष्ट?’ ‘सदुसष्ट, मॅडम.’ कारखान्याच्या गेटवर ट्रकचा हॉर्न वाजत होता. पुढचे चार गट मी त्याला एकेक आकडा सुटा वाचायला लावला.

पडद्यावर आकडे टाकताना काही लॅपटॉपची अंकांची बटणं चालत नाहीत, तेव्हा एफ-१ ते एफ-९ वापरा आणि शून्यासाठी एफ-१०.

तुम्ही आता क्रमाने असं करा. निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा, त्यात की आयडी स्पष्ट यायला हवा. घरातल्या प्रत्येकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, जुन्या ईमेलसकट, ‘रिकव्हरी की’चं पान उघडून बघा. लॅपटॉप नोकरीच्या किंवा शाळेच्या ईमेलने कधी जोडला असेल तर त्या संस्थेच्या संगणक विभागाला फोन करा, किल्ली त्यांच्याकडे असू शकते. तरी नाही मिळाली तर खरेदीचं बिल शोधा आणि दुकानात जाऊन ‘सेट कुणी करून दिला’ एवढंच विचारा, भांडू नका; भांडलात तर त्या पोराचा नंबर मिळणार नाही. किल्ली मिळून लॅपटॉप उघडला की फोटो त्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करून, स्वतःच्या खात्याने लॉगिन करून, पुन्हा चालू करा, म्हणजे नवी किल्ली तुमच्या नावावर येईल. ती वहीत उतरवा, आणि उतरवल्यावर आठही गट ११ ने भागून बघा.

चाकणच्या त्या मुलाला मी उरलेल्या सोळा जणांना फोन करायला सांगितलंय. त्यातला एक लॅपटॉप संगमनेरला विकला होता असं तो म्हणाला. तुमच्या पत्रावर फोन नंबर नाही. की आयडीचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी त्याला दाखवते.